शालूआत्या मोठी केली त्याची गोष्ट

“नाक तिचंच हाय. बाकीची बाई कोण हाय, म्हाईत न्हाई.”

उदगीरच्या काकू आईच्या कानात कुजबुजल्या. (काकू कुजबुजल्या की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.) लातूरच्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि हॉलच्या भिंतीवर दाराएवढ्या फ्रेममध्ये बाबांची धाकटी बहीण होती, शालूआत्या. निदान ती असायला हवी होती!

आत्या त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. बाबा तेव्हा बारावीच्या शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहायचे, म्हणून वाचले. गावाकडचं घर पडलं आणि फोटोही त्याच्याखालीच राहिले. “शालूचा चेहरा आठवायला जातो, पण नीट येत नाही गं,” असं बाबा एकदा आईला म्हणाले होते. मग अहमदपूरच्या नातेवाइकांकडे लग्नाचा एक ग्रुप फोटो सापडला. त्यात शेवटच्या रांगेत आत्या खदाखदा हसत होती. चेहरा हरभऱ्याएवढा, आणि त्यात अर्धे पुढे आलेले दातच! फोटोत त्यांचीही गेलेली माणसं होती, म्हणून ते देईनात. त्यांनी मोबाइलवर काढून पाठवला.

“हिला मोठी करून आण,” बाबा मला म्हणाले.

मी इंग्लिश मिडियमची. त्यामुळे मला कॉम्प्युटरपासून गॅसच्या रेग्युलेटरपर्यंत सगळं येतं, असा घरात समज आहे. येत नाही हे सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तेच मला जमत नाही!

फोटो फॅमिली ग्रुपवर नांदेड, उदगीर, हिमायतनगर असा फिरत माझ्यापर्यंत आला, तोवर पार झिजला होता. स्टुडिओवाल्या दादांनी तो स्क्रीनवर मोठा केला. आत्याच्या जागी फरशी बसवल्यासारखे नुसते चौकोन!

“ताई, ह्यात कायच न्हाई. असल फोटो आणा, स्कॅन करू.”

“तो... देत नाहीत.”

“मग सॉफ्टवेअर भरून काढंल. बिनघोर राहा.”

मी घरी विचारायला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चूक इथेच झाली.

“जरा उजळ करा,” वास्तुशांतीसाठी आधीच येऊन राहिलेल्या काकू ओरडल्या. “उन्हानं काळवंडली व्हती पोरगी!”

“पैठणी नेसवा हो,” आईचा आवाज आला. “बिचारीला कधी मिळाली नाही.”

“आन् ते दात आत घ्या!” पुन्हा काकू. “गेलेलं माणूस भिंतीवरून असं दात काढतं व्हय?”

मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. (फोनवर! पण दादांना ती दिसत होती, तेवढं पुरलं.) ओठ मिटले, डोळे टपोरे झाले, रंग दुधासारखा झाला. दादांचा मुख्य धंदा क्लासवाल्यांच्या टॉपर पोरांच्या बॅनरचा. त्यामुळे सवयीने मागे निळा प्रकाशही आला. मी ‘थँक यू’ म्हणून फ्रेम घेऊन आले.

वास्तुशांतीला वरच्या खोल्यांत भाड्याने राहायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालक आले होते. फोटोला अजून हार घातला नव्हता. एक गृहस्थ त्याच्यासमोर कौतुकाने उभे राहिले.

“लई हुशार दिसते पोरगी. नीटला किती पडले हिला?”

कुणी हसलं नाही. बाबा हार हातात धरून उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मागे सरकून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं. मग खुर्चीवर बसले. हार मांडीवरच राहिला.

“अशी होती का शालू?” ते हळूच म्हणाले. “तुम्ही सगळ्यांनी लावलीय तर असेल. मीच विसरलो की तिला.”

आईने डोळ्यांना पदर लावला. दादांचं सॉफ्टवेअर, काकूंच्या सूचना, झिजलेला फोटो, हे सगळं समजावून सांगायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. मी शाळेच्या ओळखपत्रापासून आजवर प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटून बसलेली मुलगी. हसू आलं तर ओढणी तोंडावर! मी बाबांसमोर जाऊन बसले, ओढणी बाजूला केली आणि पाहुण्यांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये जबडा दुखेपर्यंत हसून दाखवलं. बाबा टक लावून बघत राहिले.

“तुम्ही काही विसरला नाहीत, बाबा,” मी म्हणाले. “आत्याचे दात असेच पुढे होते, फोटोत आम्हीच ते झाकले. नीट बघून घ्या. पुढच्या महिन्यात डॉक्टर मला तार बसवणार आहेत!”