देवळीचा धुरा

गोल झाला की आमच्या संघात सगळ्यांत आधी धुऱ्याचा हात वर जायचा. आनंदाने नव्हे, गोल आमच्यावर झालेला असायचा! चेंडू माझ्या हातून निसटलेला असो की कुणी आळस केलेला असो, कोचने तोंड उघडायच्या आत धुरा ओरडायचा, "माह्यं चुकलं!" शिव्या खायचा आणि हसत जागेवर परत यायचा.

तो देवळीचा, मी पवनारचा. दोघेही परमुलखातल्या एका व्यावसायिक क्लबात. तो सेंटर बॅक, मी त्याच्या पाठीमागचा गोलकीपर. आमच्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि तो कुणी कोरला की काठ्या निघतात. हा आमच्या गोलपुढचा बांध, म्हणून नाव मीच ठेवलं. खरं नाव रेफ्रीला ठाऊक असेल तर असेल.

सुट्टीवरून येताना तो डबाभर सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, आणायचा. केरळचे, गोव्याचे, सगळे तुटून पडायचे. "खा बे, पोट भरलं त माणूस भांडत नाई," म्हणायचा. स्वतःला मात्र चुरा.

बचावफळीला त्याने वऱ्हाडी शिकवली. "पुढं सरक", "सोड त्याले", आणि सगळ्यांत मोलाचं "मांगं हाय!", म्हणजे पाठीमागून कुणी येतोय, चेंडू झटकन काढ. समोरच्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. मणिपूरचा आमचा लेफ्ट बॅक तर घरी फोनवरही "काऊन बे", म्हणजे "का रे", म्हणायला लागला होता.

मग क्लबने धुऱ्याला सोडलं. गुडघा थकला म्हणाले. थकला डोंबल! दुसऱ्या क्लबने त्याला एका हंगामापुरतं घेतलं, आणि शेवटचा सामना नेमका आमच्याशी पडला. खालच्या लीगमध्ये जायचं नसेल तर आम्हाला बरोबरी हवी होती. त्यांना विजय हवा होता, आणि धुऱ्याला पुढचा करार.

शेवटची मिनिटं, गोल कुणाचाच नाही. कॉर्नरसाठी धुरा आमच्या गोलसमोर आलेला. चेंडू लेफ्ट बॅकच्या पायाशी पडला आणि त्यांचा स्ट्रायकर मागून झेपावला. मी ओरडणार तोच धुरा ओरडला, "मांगं हाय!"

लेफ्ट बॅकने वळूनही न बघता चेंडू बाहेर मारला. शिट्टी झाली. आम्ही वाचलो.

त्यांचा कोच लालबुंद होऊन धावत आला. "तू खेळतोस कुणाकडून?"

धुऱ्याने हात वर केला. "माह्यं चुकलं. जीभ अजून जुन्याच टीमची हाय, तिले थोडा वेळ द्या."

आता याचा करार गेला, म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या गोलकीपरने हात वर केला. "माह्यं चुकलं!" अरे, यांनाही शिकवलं होतं लेकाने! मग बचावफळीचे हात वर गेले. मग ज्याचा गोल हुकला त्या स्ट्रायकरचा. इकडून लेफ्ट बॅकचा आणि माझाही. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले होते.

कोच सगळ्यांकडे बघत राहिला आणि शेवटी त्यालाच हसू फुटलं. धुऱ्याला त्याने पुढच्या हंगामासाठी ठेवून घेतलं. पण त्या क्षणी धुरा आमच्यावरच खेकसला, "हात खाली करा ना बे, पोलिसानं पकडलं काय?"