पित्ताची गोळी

अकोटच्या जिनिंग कारखान्यात कापसातला कचरा वेचता वेचता मैनाबाईच्या अंगावर पित्त उठायचं. दंडावर, मानेवर लालभडक गांध्या यायच्या. आमसुलाचं पाणी चोळलं, देवाचा अंगारा लावला, पण उतार पडेना. मग ती दवाखान्यात गेली. डॉक्टरनं बारक्या गोळ्या लिहून दिल्या.

सूर्यभान कंपाउंडर बोलका माणूस. म्हणाला, "पित्ताची गोळी हाये. रक्तात एक द्रव्य सुटते, थे अंगाले खाजवते. येस्टीत आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तशी हे गोळी आधीच जाऊन जागा धरते. मंग त्याले बसाले जागाच नाही! झोप येईन पण, भेऊ नको."

दुसऱ्या दिवशी अंग साफ. मैनाबाईनं देवापुढे साखर ठेवली आणि गल्लीभर सांगितलं, पित्तावर जालीम गोळी आहे म्हणून.

तिची थोरली जाऊ पार्वताबाई. जेवण झालं की आंबट ढेकर अन् छातीत आग.

"मैने, गावाले सांगतं, अन् घरचीले इसरतं? माहं पित्त काय पित्त नोहे?"

"घ्या ना बाई. मी काय लपवून ठेवून राहिली?"

पित्त ते पित्तच, असं दोघींनाही वाटलं. गोळीनं पार्वताबाईला गुंगी यायची आणि गुंगीत जळजळ कळायची नाही. बरं वाटतंय म्हणून ती रोज घेऊ लागली. मैनाबाई बाजाराच्या दिवशी आपल्या नावावर गोळ्या आणायची. दोघी जावा एका ताटात जेवणाऱ्या. त्यात वावगं ते काय?

दिवाळीनंतर पार्वताबाईचा घसा धरला, तोंड फोडांनी भरलं, ताप हटेना. तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरनं विचारलं, कोणतं औषध चालू होतं? मैनाबाईनं पदराची गाठ सोडून गोळ्या दाखवल्या.

डॉक्टर तिला बाहेर घेऊन गेले. "बाई, ही अंगावरच्या पित्ताची गोळी. पोटातलं पित्त वेगळं. आणि एखाद्याला ही बाधते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, त्याच मरतात. पेशंटच्या जवळजवळ संपल्यात."

"मंग मले काहून नाही बाधली?"

"ते आधी कुणालाच सांगता येत नाही. आता ही गोळी बंद. आणि त्यांना घाबरवू नका."

ती आत आली तेव्हा पार्वताबाई तळमळत होती. "मैने, थे गोळी दे वं. घडीभर डोया तरी लागन."

गोळ्या पदरातच होत्या. काय सांगावं? याच गोळीनं तुमच्या जिवावर बेतलंय, आणि ती मीच दिली?

"सरल्या, बाई."

पार्वताबाईनं तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. "द्याची नसन तं नको देऊ. खोटं काहून बोलतं?" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मैनाबाईच्या हातचं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मैनाबाईनं पुढं कितीही अंग उठलं तरी गोळी घेतली नाही. काही वर्षांनी सूर्यभान बाजारात भेटला. म्हणाला, "थे गोळी आता कुठंच भेटत नाही. कंपनीनंच बंद केली. लय जणाईले बाधली म्हणते."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि भाजी न घेताच घरी आली.

त्या वर्षी आखाजीला तिनं मेलेल्यांच्या नावानं पान वाढलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई. घरातली माणसं ओसरीवर होती. पानाशी बसून ती हळूच म्हणाली, "बाई, गोळ्या होत्या. पण थ्या तुमाले देण्यासारख्या नोहत्या." पुढचं सांगायला तिचं तोंड उघडलं नाही. ओसरीवरून दिरांनी हाक मारली, रस संपला म्हणून. पदरानं डोळे पुसून ती वाढायला उठली.