समोरून टक्कर मारायची नाही

दिवसभर मी एकच ओरडतो: सगळ्यांनी एकाच बाजूनं फिरा, समोरून टक्कर मारायची नाही. ऐकत कुणी नाही. डॅशिंग कारचं तिकीट काढलेला माणूस कार चालवायला येतच नाही, तो कुणाला तरी हाणायला येतो.

आठवीत शाळा सुटली आणि कोल्हापूरकडच्या जत्रांमागं फिरत फिरत मी इथं, जरीपटका वस्तीजवळच्या मैदानावर पोचलो. मेळ्याच्या मालकांनी डॅशिंग कारवर काम दिलं. मालकीणबाईंनी दोन वेळचं जेवण आणि तंबूत झोपायला कोपरा दिला. हे मी विसरत नाही. आणि हे कधी संपेल ही धास्तीही जात नाही, कारण गावाकडं भावाच्या घरी माझी आता कुणाला गरज नाही. मागच्या रविवारी समोरासमोरच्या टकरीत एका बाईचा ओठ फुटला. मालक शांतपणे म्हणाले, "आता कोणाचं तोंड फुटलं ना, तर तू आपली कोल्हापूरची गाडी पकड बाबा."

मालकीणबाई तिकिटाच्या खिडकीत बसून लेकीचं नववीचं विज्ञान वाचतात. घरी तिला शिकवायचं असतं. एकदा मला वाचून दाखवलं, की दोन वस्तू आदळल्या तरी दोघींचा मिळून संवेग आधी असतो तेवढाच नंतर राहतो.

"संवेग म्हणजे?"

"वजन आन् वेग यायचा गुणाकार. एकाचा गेला का दुसऱ्याले भेटते."

"मग समोरासमोर आदळून दोन्ही गाड्या जागीच थांबतात, तेव्हा कुठं जातो?"

"इकडचा तिकडच्याले कापून टाकते. आधीपासून बेरीज शून्यच."

"आणि आतल्या माणसांच्या दातांचं?"

त्यांनी पान उलटून पाहिलं. "ते नाही दिलं."

त्या संध्याकाळी एक कुटुंब आलं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवा जावई पहिल्यांदा सासरी आला की त्याला मेळ्यात आणून सगळ्यांनी मिळून धडकवायचं. जावईबापू काडीसारखे, कारमध्ये एकटे. समोर मामेसासरे, त्यांचं पोट स्टिअरिंगला टेकलेलं.

कठड्याबाहेरून सासूबाई भावाला ओरडल्या, "हळू हाणजो गा, जावई हाये!"

"काहून? हळू हाणाले तिकीट काढलं का वं?"

मी म्हटलं, "मामा, एकाच बाजूनं फिरा की! मागून मारा, पण समोरून नको."

"मागून मारण्यात काय मजा हाये? त्याले आपलं तोंड तर दिसलं पाह्यजे!"

आणि मामा कठड्यापर्यंत मागं गेले. नेम धरून सरळ निघाले. जावईबापू भेदरून रिंगणाच्या मधोमध उभेच. मी धावत त्यांच्या कारच्या मागच्या पट्टीवर चढलो, वरून हात घालून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि ओरडलो, "पाय दाबा!" कार गर्रकन वळली आणि आमची पाठ मामांकडं झाली. "बंद करा!" मालकीणबाईंनी बटण दाबलं. वरच्या जाळीतल्या ठिणग्या विझल्या. पण करंट गेला म्हणून मामा थोडेच थांबतात? त्यांचं वजन आणि घेतलेला वेग, दोन्ही तसेच येत राहिले.

धडक बसली. दोन्ही गाड्या एकामागं एक घसरत कडेच्या रबरापर्यंत गेल्या. जावईबापूंचा चष्मासुद्धा नाकावरून हलला नाही. माझं तोंड मात्र कारच्या मागच्या लोखंडी दांड्यावर आपटलं.

मालक आलेच. "कोणाचं तोंड फुटलं?"

मी हातानं ओठ झाकला. बोटांमधून रक्त यायला लागलं. संपलं, म्हटलं. भावाचं दार डोळ्यांपुढं आलं.

मालकीणबाई सरबताच्या गाडीवरून फडक्यात बर्फ घेऊन आल्या. "याचंच फुटलं. पण यानं तिकीट कुठं काढलं होतं? बिनतिकिटाचं तोंड आपल्या हिशेबात येत नाही."

मालकांनी माझा हात बाजूला करून ओठ पाहिला. "ठीक हाये. हळद लाव त्याले," म्हणून ते पाळण्याकडं गेले.

मला मालकीणबाईंशी काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात मामा कारमधूनच म्हणाले, "मस्त झाली! अजून एक चक्कर दे गा. या खेपेस समोरून!"

मी ओठावरचा बर्फ काढला आणि ओरडलो, "एकाच बाजूनं!"