एका वर्षाची चूक

"एका वर्षानं असं काय बिघडतंय?" चिंतामणी तिसऱ्यांदा म्हणाले. "जपानातून कोण नारपोलीला येणार आहे तपासायला?"

"आई, प्रकाशनाच्या पत्रिका वाटून झाल्यात," पोळी लाटता लाटता सून वल्लरी म्हणाली. "अंबाडीहून माझ्या माहेरचे गाडी करून येतायत. त्यांना काय सांगू, पुस्तकातल्या बाईचं वय चुकलं?"

विद्युल्लताबाई पुस्तकाची प्रुफं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. भाजी तशीच पडली होती.

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या या बाई जपानी शिकल्या त्या नवऱ्याच्या नोकरीपायी. चिंतामणी कामतघरच्या कारखान्यात कारकून. मालकानं जपानहून कापड विणायचे जुने लूम आणले आणि सोबतची माहितीपुस्तिका कुणाला वाचता येईना. बाई दर रविवारी ठाण्याला क्लासला जाऊ लागल्या. लूमच्या खोक्यांत कोंबलेल्या जुन्या मासिकांच्या पानांत त्यांना ती जपानी कादंबरीकार भेटली. तांदळाचं दुकान, खाष्ट सासू, चार मुलं आणि सतरा कादंबऱ्या. बाईंनी तिच्या आठवणींचं पुस्तक मागवलं, आणि शुक्रवारच्या सुट्टीला लूम बंद राहून गल्ली शांत झाली की तिचं चरित्र लिहीत गेल्या. अकरा वर्षं.

आठवणींत एक वाक्य होतं, 'नव्या वर्षाच्या सकाळी आम्ही सगळेच एका वर्षानं मोठे झालो.' बाईंना ती बोलण्याची रीत वाटली होती. काल प्रुफं वाचताना उलगडा झाला. तिकडे पूर्वी जन्मलेलं मूल एक वर्षाचंच धरत आणि पुढे सगळ्यांचं वय नववर्षाला वाढवत. तिचा जन्म १९०८चा. म्हणजे 'एकोणतिसाव्या वर्षी' लिहिलेली पहिली कादंबरी १९३७ची नाही, १९३६ची. नवरा वारला १९३७ साली.

"मी लिहून बसलेय, नवरा गेल्याच्या दुःखातून ती लिहायला लागली," बाई म्हणाल्या. "तो तर समोर बसून जेवत होता."

"दुःखच बरं वाटतं वाचायला. तुझ्या हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं त्या प्रकरणानं."

"मी अकरा वर्षं लिहिलं, तेव्हा तुम्ही कुठे मेला होतात?"

वल्लरीनं मान खाली घालून हसू दाबलं. चिंतामणींनी आपलं ताट पुढे ओढलं.

"प्रकाशन होणार नाही," बाई म्हणाल्या. "हॉलवाल्याला आणि छापखान्यात मी सकाळीच फोन केलाय. अंबाडीला तू कळव, वल्लरी. चौथं प्रकरण मी पहिल्यापासून लिहिणार आहे. दिवाळीपर्यंत सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे नाही."