खाडीच्या गाळातला नांगर

डहाणूच्या खाडीतून उपसलेल्या गाळाला एक दाट, खारट, किंचित लोखंडी गंध असतो. काठावर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासातही तो वेगळा ओळखू येतो. मला तो आवडतो, हे कबूल केलं की घरचे हसतात. गेल्या हिवाळ्यात तराफ्यावरचं पोकलेन दिवसभर गाळ उपसत असे आणि मी काठावर रिकामटेकड्यासारखा उभा राहून त्याला मनातल्या मनात नावं ठेवत असे. यंत्राला कसलं आलंय भूतकाळाचं सोयरसुतक!

ते चालवणारा रमण तलासरीकडचा. त्याची दहा-बारा वर्षं तिथल्या दगडखाणीत काळा पाषाण फोडण्यात गेलेली. एका सकाळी बकेटमधून हातभर लांबीचा, भोक पाडलेला दगड वर आला आणि त्यानं यंत्रच थांबवलं. मला दिसला तो निव्वळ चिखल. त्याच्या कानाला मात्र लोखंडावर आपटलेल्या दगडाचा आवाजच परका वाटला होता. दगड काठावर आणून, टवका उडाला होता तिथं बोट ठेवून तो म्हणाला, "हा आपल्याकडचा दगड नाय. आपला काला असतो."

भोकावरून मग माझ्या लक्षात आलं, कुठल्या तरी जुन्या गलबताचा दगडी नांगर होता तो. रमणनं ठेकेदाराला फोन लावला. पुरातत्त्व खात्याची माणसं येईपर्यंत त्या जागी काम बंद, असं ठरलं. दगड धुवायचाही नाही, असं रमणनं बजावलं, तेव्हा मी हातातली पाण्याची बाटली हळूच मागे लपवली.

पण गाळ निघायचा राहिला होता तो नेमका तेवढ्याच पट्ट्यातला. तिथं ओहोटीला धर्माकाका तांडेलांची होडी खाडीबाहेर तासन्‌तास अडकायची आणि बर्फ वितळून मासळी नासायची. ते तरातरा आले. "मेलेल्यांच्या दगडापायी जित्यांनी उपाशी मरायचा काय? टाक तो पाण्यात!" त्यांचं काय चुकलं होतं? वारशाची हौस मला, आणि झळ त्यांना.

रमण नुसता बाजूला सरकला. दगड उचलायला काकांनी भोकात हात घातला आणि तो तिथंच थबकला. दोरानं घासून घासून आतली कड गुळगुळीत झाली होती. बराच वेळ ते त्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"दोर तुटला असल," ते म्हणाले. "घरा पोचला असल काय रे तो नाखवा?"

मग काकांनी होडीतला एक बांबू काढला, त्याला लाल फडकं बांधलं आणि त्या जागी खुणेसाठी स्वतःच रोवून आले. संध्याकाळी त्यांची होडी खाडीबाहेर भरतीची वाट पाहत उभी होती, आणि काठावर त्यांची बायको त्यांची.