जन्मदाखला आणि बुटांचा करार

तो रविवार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक पनवेलला होती. सकाळी पोलीस ठाण्यात येताच नेहमीप्रमाणे स्टेशन डायरी मागवली. आदल्या संध्याकाळची नोंद होती : 'अज्ञात इसमाने फोन करून कळविले की, एसटी स्टँडजवळील लॉजवर बूट कंपनीचा प्रतिनिधी म्हणून उतरलेला माणूस बोगस आहे. जासईकडील धावपटू मुलीच्या पावलांची त्याने कोऱ्या कागदावर आखणी करून घेतली आहे व तिच्या वयाचे दाखले मागतो आहे.'

मुलीचं नाव तालुक्यात गाजत होतं. वडील कंटेनर यार्डात वॉचमन. वीस वर्षांखालच्या गटात ती पाच हजार मीटरला राज्यात पहिली आली होती. बूट कंपनी तिच्याशी करार करणार म्हणून गावात पेढेही वाटून झाले होते. अशा घरांना गंडवणारे मी पुष्कळ पाहिले होते.

प्रतिनिधीला चौकशीला आणलं. पस्तिशीचा, पुण्याचा माणूस. बॅगेत बुटांचे तीन जोड, अकरा पानांचा इंग्रजी करार आणि दोन वेगवेगळ्या पत्त्यांची व्हिजिटिंग कार्डं.

"दोन पत्ते कशाला?"

"ऑफिस शिफ्ट झालंय, साहेब. जुनी कार्डं संपवतोय."

"आणि पावलांची आखणी?"

"बूट तिच्या मापाचे बनवायचेत. काल लॉजवरच्या माझ्या खोलीत घेतली. ती, तिचे वडील आणि कोच, तिघंही हजर होते."

उत्तरं पटापट येत होती, म्हणून मला जास्तच संशय आला. कंपनीचा फोन रविवारमुळे कोणी उचलेना. मी त्याला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मी जाता येता त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली, "कोचकडे शाळेचा दाखला तीनदा मागितला. दर वेळी जन्मदाखलाच पाठवतात."

चारच्या सुमारास कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला, ईमेलही आला. माणूस खरा होता.

मग खोटी खबर कोणी दिली? माझी नजर कोचवर गेली. दुसऱ्या कंपनीशी त्याचं साटंलोटं असेल, असं वाटलं. बोलावलं तर तो फाइल घेऊनच हजर झाला.

"कागद सगळे क्लिअर आहेत, साहेब. पुन्हा पाहायची काही गरज नाही."

मी कागद मागितलेच नव्हते. फाइल ठेवून घेतली. जन्मदाखल्यावर नोंदणीची तारीख जन्मानंतर चौदा वर्षांनीची होती. सोमवारी गावच्या शाळेत हवालदार पाठवला. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख दाखल्यापेक्षा अडीच वर्षं आधीची निघाली. म्हणजे मुलगी कागदावर अठराची, प्रत्यक्षात साडेवीसची. ज्या गटात ती जिंकली, त्यात तिला धावताच येत नव्हतं.

पण मग कोच पोलिसांना कशाला बोलावेल? गाठ सुटेना. शेवटी शनिवारी फोन घेणाऱ्या ठाणे अंमलदाराला समोर बसवलं.

"फोनवर नेमकं काय बोलणं झालं?"

"जास्त नाही, सर. लॉजचं, पावलांच्या आखणीचं, दाखल्यांचं घाईघाईत सांगितलं. 'त्यो मानूस खोटा हाय, त्याला धरा,' म्हणाली आणि ठेवला."

"म्हणाली?"

"हो. मुलगीच होती."

डायरीत 'इसम' लिहायची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ते वाचून मी दोन दिवस पुरुष शोधत होतो. पावलांची आखणी झाली, तेव्हा खोलीत एकच मुलगी होती.

वडिलांसह तिला बोलावलं. शेजारी महिला हवालदार बसवली. मी फक्त विचारलं, "फोन तू केलास?"

ती म्हणाली, "हा. ग्राउंडावरच्या कँटीनवाल्या मावशीच्या फोनवरून केला."

वडील चमकून तिच्याकडे वळले. "तू? आगो, कशाला?"

"कंपनीनं दाखला तपासला असता, बाबा. त्याचा अर्ज तुमच्या सहीचा हाय. कोच सरांनी पुढं केला नि तुमी सही केलीव. तुमाला वाचता कुठं येतंय? मना वाटला, त्यो मानूस पळाला तर कागद कोन बघनार नाय."

"मग करारच नको म्हणायचं होतंस," मी म्हणालो.

"कुनाला म्हनू, साहेब? आख्खा गाव खूश होता."

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात तिच्या डोक्यावर ठेवला. इतका वेळ कोरडी असलेली मुलगी तेव्हा रडली.

कोच आणि तो दाखला बनवून देणारा दलाल यांच्यावर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. वडिलांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. मुलीने अ‍ॅथलेटिक्स संघटनेला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, पदकं परत केली, बंदी भोगली. करार अर्थातच झाला नाही. प्रतिनिधीची मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं कामच आहे ते," पण हात पुढे केला नाही. ते बरोबरच होतं.

संशय हे आमच्या धंद्यातलं हत्यार. कोणाचा फायदा आहे, हे शोधत जायचं, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. या प्रकरणात मात्र एका मुलीने आपल्या हातातलं सुख आपणच मोडायला पोलिसांना फोन केला होता, आणि तिची भीती माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. तिने एका निरपराध माणसाला गोत्यात आणलं, हेही खरं. पण तिला 'नाही' म्हणायला जागा आम्ही कोणीच ठेवली नव्हती.

निवृत्तीनंतर मी खारघरला राहायला आलो. बंदी संपल्यावर तिथल्याच एका खुल्या शर्यतीत ती धावली. मी गर्दीत उभा होतो, ओळख दिली नाही. ती सहावी आली. निवेदकाने तिचं नाव घेतलं, गाव सांगितलं, मग वय सांगितलं. शेजारचे लोक टाळ्या वाजवत होते. मी मनाशी वर्षं मोजली. वय बरोबर होतं.