शेप्या आंब्याची आग

बांध मी पेटवला. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण गावात काही दिवस वेगळंच बोललं गेलं, आणि ते मीच पसरवलेलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं येतं, पण लिहायला दुसऱ्याचा हात घेतलेला नाही.

एरंडोलच्या अलीकडे आमचं शेत. बांधावर गावरान आंब्याचं झाड होतं. फळाला शेपूसारखा वास, म्हणून त्याचं नाव शेप्या. माझ्या आजानं लावलेलं. बुंधा आतून पोकळ झालेला, पण वर्षाआड फळ भरपूर. त्या पोकळीत पिंगळ्याची जोडी राहायची.

माझी बायको पौषात गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर खरबूज आणि आंबा ठेवतात, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर जेवणाचा घास टाकतात. त्याआधी घरात कोणी आंबा तोंडात घालत नाही. अंथरुणावर असताना ती एकच बोलली होती, "मनी घागरवर शेप्याच ठेवा. बाजारना नको." मी हो म्हणालो होतो. तिची पहिली घागर यंदाची.

ती गेल्यावर माझ्या खाण्यापिण्याचं बघायला नात जळगावहून आली. ती मोबाईलवर लोकांना पत्ते काढून भविष्य सांगते. टॅरो म्हणतात त्याला. एकदा ओट्यावर तिनं पत्ते मांडले. मी म्हणालो, "काय व, जुगार मांडा का सकाळे सकाळे?"

ती हसली. "आबा, जुगार नाही. हे बघा, पेला म्हणजे पाणी. नाणं म्हणजे माती. तलवार म्हणजे वारा. आणि ही काठी म्हणजे आग."

काठीचा पत्ता मी हातात घेतला. काठीला हिरवी पानं फुटलेली. "पालवी फुटेल काडी, आन म्हणे आग! हाई काढणारा कधी चुल्ह्याजोडे बसेल नही."

"आग झाडातच असते आबा. सांभाळली तर पालवी, नाही सांभाळली तर राख."

रोज सकाळी ती एक पत्ता काढायची आणि त्या दिवशी त्याचं काहीतरी करायची. पेला निघाला की पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी. नाणं निघालं की भाजीची देठं खड्ड्यात, वर माती. तलवार निघाली त्या दिवशी मला प्लास्टिक पेटवू दिलं नाही, शेजाऱ्याशीही त्यावरून भांडली. मी म्हणालो, तुझी आजी हे सगळं पत्त्यांशिवाय करायची.

"मग तुम्ही का नाही करत?" ती म्हणाली.

मी उठून गोठ्यात गेलो.

चैत्र सरत आला की आम्ही बांध पेटवतो. वाळलेलं गवत जळतं, उंदीर-साप निघून जातात, पेरणीआधी बांध स्वच्छ होतो. माझा बाप पेटवायचा, त्याचा बाप पेटवायचा. नात म्हणाली, "आबा, यंदा कापून काढू. झाड पोकळ आहे, आग आत शिरेल." त्या सकाळी तिचा पत्ता काठीचा निघाला होता, तोही तिनं दाखवला. शेजारच्या शेतातला माझा चुलतभाऊ तिथंच उभा होता. तो म्हणाला, "आबा, आते पत्तास्ले इचारीसन शेती करो का?" आणि खो खो हसला. त्या हसण्यानं मला चेव चढला. पन्नास वर्षं बांध पेटवणाऱ्याला कालची पोर शिकवणार!

दोन दिवसांनी ती घागर आणायला एरंडोलला गेली. मी बस निघेपर्यंत थांबलो. मग काडी ओढली.

आधी सगळं नेहमीसारखं चाललं. गवत तडतडत जळत होतं, मी लिंबाचा डहाळा घेऊन कडेनं झोडपत चाललो होतो. मग वारा फिरला. जाळ बुंध्याशी गेला, आणि मी पोचायच्या आत पोकळीत शिरला. पोकळ झाड चुलीच्या धुराड्यासारखं ओढ घेतं, हे मला माहीत होतं. वरच्या फांदीतून धूर निघाला तेव्हा मी विहिरीकडे पळालो. विहिरीला गुडघाभर पाणी. दोन बादल्या आणल्या, पोकळीत ओतल्या. फुस्स झालं आणि आतून पुन्हा घुमायला लागलं. पिंगळ्याचं एक पाखरू उडालं. दुसरं दिसलं नाही. पिल्लं असतील तर ती आतच.

झाड तीन दिवस आतून जळलं. बाहेरची साल हिरवी, कैऱ्या फांदीवरच शिजल्या. शेपूचा वास साऱ्या शिवारात पसरला. तिसऱ्या दिवशी दुपारी झाड पडलं.

पहिल्याच दिवशी धूर बघून भाऊ धावत आला होता. "आबा, कशी लागनी आग?"

माझ्या खिशात आगपेटी होती. त्याचं परवाचं हसणं माझ्या कानात होतं. नातीचं बोलणं खरं झालं असं त्याच्यापुढे म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "मेंढ्यावाला बठेल व्हता आठे. बिडी वढत व्हता."

शिंदखेड्याकडचा एक मेंढपाळ दरसाल आमच्या शिवारात यायचा, तसा यंदाही आला होता. रानं मोकळी झाली की शेतकरी त्याच्या मेंढ्या शेतात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. माझ्या शेतात तो वीस वर्षं बसत होता. दुपारी मेंढ्या शेप्याच्या सावलीत. पाल्यासाठी त्यानं कधी फांदी तोडली नाही. माझी बायको त्याला भाकरी द्यायची.

संध्याकाळच्या आत गावानं त्याला शिवारातून काढलं. जाताना तो माझ्या दारात आला. आवाज चढवला नाही.

"आबा, मी बिडी पेत नही. तुमले माहीत शे."

माहीत होतं. मी भिंतीकडे बघत राहिलो. तो कुत्र्याला हाक मारून निघून गेला.

नात घागर घेऊन परतली. शेताकडे जाऊन आली, माझ्या सदऱ्याच्या बाहीवर पडलेली ठिणगीची भोकं बघितली. त्यानंतर तिनं घरात पत्ते मांडले नाहीत.

आखाजीला भाऊबंद जमले. घागर भरली, वर खरबूज ठेवलं. नातीनं बाजारातून आंबा आणला होता. मी म्हणालो, तो नको. मग आंब्याची जागा तशीच रिकामी राहिली. गोवरीचा निखारा फुलला, पुरणपोळीचा घास माझ्या हातात दिला. त्या निखाऱ्यातून वर येणारा धूर बघितला आणि हात पुढे जाईना. सगळे वाट बघत होते.

"बांध मी पेटाडा," मी म्हणालो. "मेंढ्यावाल्यानं नही."

 मग भाऊ म्हणाला, "आते सांगीसन काय उपेग, आबा? घास टाका. जेवण थंडं व्हई राह्यनं."

मी घास टाकला. तो जळला. आगीनंतर नातीनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "गावाला सांगितलंत," ती म्हणाली. "त्याला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी मी शेप्याच्या खोडाला ओतलं. काळं लाकूड, पाणी त्यानं घेतलंच नाही, कडेनं वाहून गेलं. पुढेही आठ दिवस ओतलं. पालवी फुटली नाही. ती पत्त्यावरच्या काठीला फुटते.

नवव्या दिवशी धुळ्याची बस धरली, तिथून शिंदखेडा, मग पायी. ऊन असं की पायताणातून चटका लागत होता. विचारत विचारत त्याचं घर सापडलं. तो दारातच दोर वळत बसला होता. काटेरी कुंपणाच्या वाडग्यात मेंढ्या थोड्या. त्यानंतर एरंडोलकडे कुठंच बसू दिलं नाही, आग लावणारा म्हणून त्याच्या आधी नाव पोचायचं, असं त्याच्या बायकोनं आतून सांगितलं. चाऱ्याविना कितीतरी मेल्या.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माफी हा शब्द माझ्या तोंडून आला नाही. येत नाही तो मला.

तो दोर वळत राहिला. "गावमा सांगं?"

"हां, आखाजीले सांगं."

"बरं."

मी ओट्याच्या कडेला बसलो. आमच्या खान्देशात दारात आलेल्याला, वैरी असला तरी, आधी पाणी विचारतात. रांजण आतच दिसत होता, वर तांब्या पालथा घातलेला. त्याच्या बायकोनं रांजणाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यानं मान हलवली नाही. ती चुलीकडे वळली.

मी मागितलं नाही. घसा कोरडा पडला होता. थोडा वेळ बसून उठलो आणि आलो त्याच वाटेनं स्टँडकडे चालायला लागलो.